नट हलत का नाही?

पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून १९९१ साली सिएरा ही गाडी बाहेर पडली, १९९४ला सुमो आणि १९९८ला इंडिका. यांतली एखादी आजही एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि सुट्टीच्या दिवशी मालक पाना घेऊन तिच्याखाली शिरतो. कारखान्यात काही सेकंदांत आवळलेला नट आता अंगातली सगळी ताकद लावली तरी जागचा हलत नाही. एवढ्या पावसाळ्यांत त्या आट्यांमध्ये घडलं तरी काय?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. आट्यांमधल्या चिंचोळ्या फटीत ती जागा कुठली? मग गंज नट आणि बोल्ट दोघांनाही रेटू लागतो. जुन्या इमारतींच्या सज्जांमधल्या सळया गंजल्या की काँक्रीट फुटतं, ते याच रेट्याने. थोडक्यात, जाम झालेला नट चिकटलेला नसतो. त्याच्याच लोखंडातून तिथे पाचर वाढलेली असते.

म्हणूनच पान्याला लांब पाइप लावून झटापट केली की नटाऐवजी बोल्टचं डोकं हातात येतं. चांगल्या, तेल लावलेल्या बोल्टवरही पान्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो. जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला उरतो. गंजाने घर्षण वाढलं की सगळा पीळ बोल्टच्या दांड्यावर येतो.

खरी किमया पातळ तेलाची. केशाकर्षणामुळे ते अरुंद फटीत आपोआप शिरतं, प्रसंगी वरच्या दिशेनेही! इंजिन ऑइल दाट, त्याला हे तितकंसं जमत नाही. घरोघरी असलेला डब्ल्यूडी-४०चा फवारा मुळात १९५३च्या सुमारास अमेरिकेत क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरचं पाणी हटवण्यासाठी तयार झाला होता.

तेल मुरलं की हातोडीचे हलके ठोके द्यायचे. गंज ठिसूळ असतो, त्याला तडे जातात आणि तेलाला नव्या वाटा मिळतात. नट आधी किंचित आवळून मग सैल करायचा, पुन्हा आवळायचा. याने गंजाचा भुगा होतो.

गॅरेजवाले गॅसच्या ज्योतीने नट तापवतात, त्यामागेही गणित आहे. १० मिलिमीटरच्या नटाचं तापमान २०० अंशांनी वाढलं, तर त्याचं भोक सुमारे ०.०२४ मिलिमीटरने मोठं होतं. बोल्ट तापायच्या आत एवढी सैल जागाही पुरते. मात्र पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि रबरी बुश जवळ असताना, किंवा नटावर तेल मारलेलं असताना, हा प्रयोग घरी करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही शिरू नका. खाली स्टँड लावाच.

नट हलेना, तर पाइप शोधण्याआधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा, तेल मारा आणि रात्रभर थांबा. नवा नट बसवण्यापूर्वी आट्यांना गंजरोधक पेस्टचा हात फिरवा. पुढच्या वेळी तो निमूट निघेल.