फुरसं चावल्यावर रक्त गोठत का नाही?

कातळसड्यावरचा दगड उलटताना जपून, हे रत्नागिरीत लहानपणीच शिकवलं जातं. खाली फुरसं असू शकतं. डिसेंबर 1862 मध्ये सरकारी बक्षिसासाठी या जिल्ह्यात आठच दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारली गेली होती!

फुरसं चावलं की हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ शकतं आणि ते थांबत नाही. मग विष रक्त पातळ करतं का? नाही, नेमकं उलट.

जखम झाली की रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनपासून थ्रॉम्बिन बनतं. ते फायब्रिनोजेनपासून चिकट धागे तयार करतं आणि गाठ बसते. फुरशाच्या विषातलं इकॅरिन हीच क्रिया जखमेपुरती न ठेवता अंगभर सुरू करतं. धागे बनत राहतात, शरीर ते विरघळवत राहतं आणि फायब्रिनोजेनचा साठा संपतो. खऱ्या जखमेसाठी काही उरतच नाही.

फुरशाचं भक्ष्य म्हणजे बेडूक, पाली, उंदीर. माणूस त्यात नाही, तरी विष आपल्यालाही लागू पडतं. कारण कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत या यंत्रणेचा गाभा एकच आहे. लॅम्प्रे या जबडा नसलेल्या माशातही प्रोथ्रॉम्बिन आणि फायब्रिनोजेन आहेत, आणि त्याची वाट आपल्यापासून वेगळी होऊन 45 कोटींहून जास्त वर्षं झाली. पुढे जनुकांच्या नकला होत गेल्या, साखळीत नवे घटक आले. काही गळालेही. देवमाशात फॅक्टर 12 नाही, तरी त्याचं काही अडत नाही.

थ्रॉम्बिन आणखी एक काम करतं. ते रक्तवाहिनीच्या पेशींना इशारा देतं, भिंत सैल होते, पांढऱ्या पेशी जमतात. हीच सूज. जखमेतून रक्त बाहेर जातं तसे जंतू आतही येतात, म्हणून हे दोन्ही बंदोबस्त एकमेकांत गुंतलेले. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या हॉर्सशू क्रॅबला कणा नाही, त्याची गोठण्याची पद्धतही वेगळी. पण तिथंही काही जंतूंचं विष लागताच रक्त गोठतं.

दवाखान्यात यावरूनच परीक्षा होते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त ओघळलं, तर विष भिनलंय. मग प्रतिविष द्यावंच लागतं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं.

तिथं पोचेपर्यंत दंशाच्या जागी ब्लेड मात्र लावू नका. न थांबणारी आणखी एक जखम होईल.