अंड्यावरून उठायलाच तयार नसलेली कोंबडी : खुडूक म्हणजे नेमकं काय, आणि तिच्याखाली पिल्लं काढायची कशी?

कालपर्यंत अंगणभर उकरत फिरणारी कोंबडी आज सकाळपासून टोपल्यात बसलीय. उठवायला गेलात तर पिसं फुलवते, चोच मारते आणि घशातून एक जाड, रागीट आवाज काढते. अंडं देऊन उठेल म्हणून वाट बघितली, तर दुपार झाली, संध्याकाळ झाली, बाई तिथंच. खाली अंडीसुद्धा नाहीत, ती तर आपण कालच काढून घेतली.

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातली म्हातारी हे बघून एकच वाक्य म्हणेल, "खुडूक झाली ती, आता तिला बसव."

शहरात वाढलेल्यांना हा शब्द बहुतेक माहीत नसतो. गेल्या काही वर्षांत मात्र गच्चीवर, फार्महाऊसवर, गावाकडच्या रिकाम्या घराच्या अंगणात देशी कोंबड्या पाळणारे वाढलेत, आणि त्यातले बरेच जण खुडूक कोंबडी दिसली की ती आजारी पडली असं समजून घाबरतात. ती आजारी नसते. तिच्या अंगात आई होण्याची घंटा वाजलेली असते.

या घंटेचं नाव प्रोलॅक्टिन. हे संप्रेरक मेंदूच्या खालच्या ग्रंथीतून येतं. देशी कोंबडी साधारण 12 ते 15 अंडी घालते, ती पोटाखाली लागायला लागतात, दिवस उबदार असतात, कोपरा अंधारा असतो, आणि मग हे संप्रेरक वाढतं. ते वाढलं की अंडी देणं बंद. पोटावरची पिसं गळतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्याला टेकते. भूकही कमी होते. दिवसातून एकदा पंधरावीस मिनिटं उठायचं, दाणापाणी घ्यायचं, मातीत लोळायचं, आणि एक भलीमोठी, भयंकर वासाची शीट टाकून परत यायचं. हा वास ज्यानं एकदा घेतलाय तो जन्मात विसरत नाही. पण त्यातही शहाणपण आहे, कारण उरलेले तेवीस-साडेतेवीस तास ती घरटं घाण करत नाही.

आता यातली खरी मेख. अंड्याचा धंदा करणाऱ्यासाठी खुडूक होणं म्हणजे नुकसान. तीन आठवडे बसणार, पुढचे दोन महिने पिल्लं सांभाळणार, म्हणजे तेवढा काळ अंडी नाहीत. त्यामुळे देशी कोंबडीच्या वर्षात अशा तीन-चार पाळ्या आणि सगळी मिळून 50-60 अंडी होतात. फार्मवरची व्हाइट लेगहॉर्न वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते, कारण पिढ्यानपिढ्या निवड करून तिच्यातली ही खुडूक होण्याची खोडच काढून टाकलीय. ती अंडी देते आणि विसरते. तिची पिल्लं काढायला मशीन लागतं, मशीनला वीज लागते.

परसात सोडलेल्या सुधारित जातींचंही बरंचसं तसंच. आपल्याकडे पशुसंवर्धन विभागाच्या योजनांमधून एकदिवसीय 100 पिल्लं किंवा तलंगांचा गट, म्हणजे 25 माद्या आणि 3 नर, अनुदानावर मिळतात. ही पिल्लं उबवणी केंद्रातून येतात. राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. पक्षी चांगले असतात, अंडीही देशीपेक्षा जास्त देतात, फक्त सहसा बसत नाहीत. त्यामुळे चिखली किंवा संग्रामपूरच्या एखाद्या बाईनं सगळ्या देशी कोंबड्या विकून नुसत्या सुधारित ठेवल्या, तर पुढची पिढी काढायला तिच्याकडे कुणीच उरत नाही. पुन्हा पिल्लं विकत घ्या, पुन्हा गाडीभाडं द्या. म्हणून माझं मत सरळ आहे. अंड्यासाठी काय ठेवायचं ते ठेवा, पण दोन-तीन चांगल्या बसणाऱ्या देशी कोंबड्या विकू नका. सुधारित कोंबडीची अंडी देशीखाली ठेवली तरी ती तितक्याच इमानानं उबवते. अंडं कुणाचं हे ती विचारत नाही.

तर बसवायची कशी?

आधी खात्री करा की ती खरंच खुडूक आहे. दोन रात्री सलग टोपल्यात काढल्या, हात घातल्यावर पळाली नाही, उलट अंग सैल सोडून चपटी झाली, की समजा पक्की. पहिल्याच दिवशी घाई करून अंडी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी बाई उठून गेली, असं बऱ्याच जणांचं होतं.

अंडी कोणती, हा मोठा प्रश्न. कळपात कोंबडा हवा, आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. दुकानातली फार्मची अंडी ठेवून काही होत नाही, तिथं कोंबडाच नसतो. अंडी सात दिवसांच्या आतली घ्या. धुवू नका, कारण कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतूंना दार उघडं. मळकी, फार लांबुळकी, तडा गेलेली बाजूला काढा आणि खाऊन टाका. साधारण देशी कोंबडीखाली 10 ते 12 अंडी बसतात. हावरटपणा करून 18 ठेवली तर कडेची गार पडतात, ती फिरवताना आतली बाहेर जातात, आणि शेवटी 12 मधून निघाली असती त्याहून कमी पिल्लं हातात येतात.

आता बुलढाण्याची खास अडचण. हा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा दोन तुकड्यांत जगतो. बुलढाणा शहर, चिखली, मेहकर वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. एप्रिल-मे महिन्यात घाटाखाली पारा 42-43 च्या पुढे सहज जातो. अंड्यातला जीव साधारण 20-21 अंशांच्या खाली थांबून राहतो, नीट वाढायला त्याला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. घरातच 35 अंश असेल तर कोंबडी बसायच्या आधीच अंड्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मध्येच मरते. बाहेरून अंडं छान दिसतं. एकवीस दिवस बसून पिल्लू येत नाही, आणि दोष कोंबडीवर जातो.

म्हणून शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ गाठा. उन्हाळ्यात बसवायचंच असेल तर अंडी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, आणि साठवताना रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूवर टोपली ठेवा. पाण्याचं बाष्प होताना गारवा मिळतो, आपल्या माठाचंच तत्त्व. बसलेल्या कोंबडीचं टोपलं पत्र्याखाली अजिबात नको. दुपारी पत्रा तापला की ती चोच उघडून धापा टाकते आणि नाइलाजानं उठते.

टोपलं खोलगट घ्या, तळाला थोडी माती किंवा राख, वर सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं मऊ कुटार. कडुनिंबाचा किंवा सीताफळाचा पाला खाली घालायची पद्धत आहे आणि ती बिनकामाची नाही. एकवीस दिवस एका जागी बसलेली कोंबडी म्हणजे उवा-पिसवांना मेजवानी. फार झाल्या तर कोंबडी सोडून पळते. जागा बदलायची असेल तर रात्री अंधारात उचला. दिवसा हलवली की ती जुन्या जागी जाऊन रिकाम्या कोपऱ्यात बसते, अंडी इकडे गार.

बऱ्याच घरांत अंड्यांसोबत लोखंडाचा खिळा, कोळसा नाहीतर सुकी मिरची ठेवतात. वीज कडाडली की अंडी "दचकतात" असा समज. खिळ्यानं वीज अडत नाही. पण पावसाळ्यात अंडी खराब होतात हे निरीक्षण खरं आहे, फक्त कारण ओल आणि बुरशी आहे. ठेवायचा तर ठेवा, कोंबडीला त्रास नाही.

बसवल्यानंतर आपलं काम कमी. अंडी उलटपालट करणं, कडेची मध्ये घेणं ती स्वतः दिवसरात्र करते. मशीनमध्ये हेच करायला मोटर लावावी लागते. सातव्या-आठव्या रात्री मात्र एक गोष्ट करा. मोबाईलचा टॉर्च लावून अंडं त्यावर धरा. कोळ्यासारखा लाल शिरांचा जाळा आणि मध्ये ठिपका दिसला तर जीव आहे. सगळं पिवळट, स्वच्छ दिसलं तर अंडं फळलेलंच नव्हतं, काढून टाका. नुसतं लाल कडं दिसलं तर सुरुवात होऊन मेलंय, तेही काढा. सडकं अंडं टोपल्यात फुटलं तर घाण चांगल्या अंड्यांना लागते आणि तीही हातची जातात.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. काही जण या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडून हलतात का बघतात. हलणारं अंडं जिवंत असतं हे खरं, पण बारीक तडा गेलेला असेल तर पिल्लू आत बुडतं. एवढी उत्सुकता असेल तर अंडं कानाला लावा, शेवटच्या एक-दोन दिवसांत आतून चिवचिव ऐकू येते. कोंबडीही ती ऐकते आणि हळू आवाजात उत्तर देते.

एकविसाव्या दिवशी टोच पडते. पहिल्या छिद्रापासून बाहेर यायला पिल्लाला बारा-पंधरा तास, कधी पूर्ण दिवस लागतो. इथं माणसाचा जीव राहत नाही आणि तो कवच सोलायला बसतो. थांबा. त्या वेळेत पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. घाईनं सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. ओढून घेतलेल्या बलकावर ते दीड-दोन दिवस काही न खाता राहू शकतं. म्हणूनच तर आई आधी निघालेल्यांना घेऊन लगेच उठत नाही, मागच्यांची वाट बघते.

आता पिल्लं निघाली, म्हणजे जिंकलं असं नाही. खरी गळती पुढच्या महिनाभरात असते. घार, कावळा, मांजर, मुंगूस आणि पाण्याचं भांडं. हो, पाण्याचं भांडं. उथळ ताटली ठेवा आणि त्यात खडे घाला, नाहीतर पिल्लं बुडून मरतात. पहिले दोन आठवडे मायलेकरांना डाल्याखाली ठेवा, दिवसातून थोडा वेळ नजरेसमोर सोडा. तांदळाची कणी, ज्वारी-मक्याचा बारीक भरडा चालतो, पण त्यात प्रथिनं कमी पडतात. जुना उपाय असा की, मडक्यात ओलं पोतं, शेण आणि काडीकचरा भरून ते वाळवी असलेल्या जागी पालथं घालायचं. सकाळी वाळवी भरलेली असते. कोंबडी टुकटुक करून पिल्लांना बोलावते आणि स्वतः न खाता चोचीतलं खाली टाकते. आकाशात घार दिसली की तिचा आवाज वेगळा आणि जमिनीवर मांजर दिसलं की वेगळा, आणि पिल्लांना दोन्ही कळतात.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र दिसत नाही. मानमोडी. पुस्तकात रानीखेत. एकदा गल्लीत शिरली की आठ दिवसांत खुराडी रिकामी करते. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते, आणि औषध नाही. उपाय फक्त लस. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

अडचण अशी की लसीची बाटली 100 किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. एका घरात पिल्लं बारा. बारा पिल्लांसाठी बाटली कोण फोडणार? मग लस राहून जाते, आणि पावसाळा उलटायच्या आत अंगण सुनं.

यावर उपाय कोंबडीतच आहे. खुडूक कोंबडी तीन-चार दिवस नुसत्या लाकडी किंवा प्लास्टरच्या अंड्यावर बसून राहते. म्हणजे गल्लीतल्या चार-पाच घरांनी ठरवून एकाच रात्री आपापल्या कोंबड्यांखाली अंडी ठेवली, तर पन्नासेक पिल्लं एकाच दिवशी निघतात, एकाच वयाची होतात आणि एका बाटलीत सगळ्यांचं लसीकरण होतं. बचत गटाच्या बायकांना हे जमवणं अवघड नाही, त्या याहून किचकट हिशेब रोज करतात. दोन कोंबड्यांना पिल्लं कमी निघाली तर रात्री सगळी एकीखाली सरकवा. दुसरी काही आठवड्यांत परत अंड्यावर येते. विकत आणलेली एकदिवसीय पिल्लंही अशीच अंधारात खाली सरकवता येतात. पिल्लं दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी असली तर मात्र ती ओळखते आणि टोचते.

आणि बसवायचंच नसेल तर? काही लोक खुडूक कोंबडीच्या नाकात पीस खोचतात, काही तिला हौदात बुडवून काढतात. पीस खोचणं नुसतं हाल करणं आहे. त्यापेक्षा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, खाली काहीही न अंथरता, उजेडात तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला की ऊब जाते आणि संप्रेरक उतरतं. दाणापाणी मात्र भरपूर द्या.

पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की एक दिवस तीच आई त्यांना चोच मारून दूर हाकलते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाईट वाटतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा तुरा पुन्हा लाल होतो, आणि ती अंडं घालायला कोपरा शोधत घरभर फिरायला लागते.