तिलारीचे तळे आणि मिरगाची चढण

मिरगाच्या पहिल्या दोन-चार दमदार सरी कोसळल्या की दोडामार्ग तालुक्यातील व्हाळ एका रात्रीत तांबडे होऊन धावू लागतात. त्याच रात्री बॅटऱ्या घेतलेली माणसे पाण्याच्या काठाला दिसू लागतात. ‘मासे चढले’ ही बातमी वाडीवाडीत पोहोचायला वेळ लागत नाही. वर्षभर गरी टाकून तासन् तास बसणाऱ्याला जो मासा हुलकावणी देतो, तोच या रात्री घोटाभर पाण्यात हाताने पकडता येतो. ही गंमत वाटली तरी तळ्यातील माशांचे पुढच्या वर्षीचे भवितव्य नेमके याच काही दिवसांत ठरत असते.

सिंधुदुर्ग म्हटले की बांगडा, सुरमई आणि मालवणचा किनारा डोळ्यांपुढे येतो. परंतु १९९९ मध्ये सावंतवाडीतून वेगळ्या झालेल्या दोडामार्ग तालुक्याला समुद्रच नाही. येथील पाणी सह्याद्रीच्या कड्यांवरून उतरणाऱ्या तिलारी नदीचे. हीच नदी पुढे गोव्यात शिरते, शापोरा हे नाव घेते आणि अरबी समुद्राला मिळते. महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी मिळून या नदीवर सुमारे ७३ मीटर उंचीचे मातीचे धरण बांधले. त्यामागे पसरलेल्या जलाशयात साडेचारशे दशलक्ष घनमीटरच्या आसपास पाणी साठते. आयनोडे, सरगवे, पाल, पाट्ये, शिरंगे, केंद्रे अशी गावे या पाण्यामुळे उठली. त्यांची शेते, बागा आणि झाडोरा आज माशांचा आसरा झाला आहे.

नदीचे तळे होते तेव्हा

नदी आणि तळे यांतील फरक केवळ पाण्याच्या खोलीचा नसतो. नदीत पाणी सतत घुसळले जाते आणि त्यात प्राणवायू मिसळत राहतो. तळ गोट्यांचा असतो, दर वळणावर एखादा कोंड असतो. धरण झाले की प्रवाह थांबतो, गाळ तळाशी बसतो आणि उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचे पाणी तापते. अगदी तळाशी बुडालेला पालापाचोळा कुजत असल्याने प्राणवायू कमी पडतो. त्यामुळे भर एप्रिल-मेच्या दुपारी मासा ना अगदी वर सापडतो, ना अगदी तळाशी. तो मधल्या थरात किंवा काठावरील झाडांच्या सावलीत थांबतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला वरचे पाणी निवले की तो चरायला काठाशी येतो. गरवणारा माणूस याच दोन वेळा का साधतो, त्याचे कारण हे आहे.

अशा जलाशयांतील माशांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला मूळच्या नदीचा, दुसरा माणसाने मुद्दाम सोडलेला आणि तिसरा नकळत शिरलेला. तिन्हींची जागा, खाणे आणि वीण वेगळी असते. हे ज्याला कळते त्याची गरी रिकामी परतत नाही. आणि कोणता मासा ठेवावा व कोणता सोडावा हेही त्यालाच कळते.

पाण्याचे तीन मजले

राज्यातील बहुतेक जलाशयांत कटला, रोहू आणि मृगळ या तीन जाती सोडल्या जातात. मूळच्या गंगेच्या खोऱ्यातील हे मासे एकाच तळ्यात तीन मजल्यांवर राहतात. कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म जीव टिपतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचे तोंड खाली वळलेले. तो तळाचा गाळ उकरतो. म्हणून कटल्यासाठी गरी वरच्या पाण्यात लोंबती ठेवावी लागते आणि मृगळासाठी शिसे लावून तळाला टेकवावी लागते. आमिष म्हणून शेंगदाण्याची पेंड मिसळून मळलेला कणकेचा गोळा तिघांनाही चालतो. त्याच ठिकाणी दोन-तीन दिवस आधीपासून थोडी पेंड टाकत राहिल्यास मासे जागेला सरावतात.

हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण करीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींची वीण घडवून आणली आणि देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीचे चित्र पालटले. १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. आज पैदास केंद्रांत तयार झालेली मत्स्यबोटुकली पावसाळ्यात जलाशयांत सोडली जाते. थोडक्यात, कटला-रोहूचे पीक दरवर्षी पेरता येते. नदीच्या स्वतःच्या माशांचे तसे नाही.

काठावरचा दबा धरणारा

उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या काठावर राज्य असते ते मरळीचे. नळीसारखे लांब अंग, सापासारखे डोके आणि तोंडभर दात असलेली ही शिकारी बुडालेल्या बुंध्याशी निश्चल थांबते आणि जवळून जाणाऱ्या माशावर किंवा बेडकावर एकाच झेपेत तुटून पडते. मरळीला डोक्यात हवा साठवून श्वास घेण्याची खास पोकळी असते. ठरावीक वेळाने तिला वर येऊन हवा घ्यावीच लागते. काठावर शांत बसून पाण्यावर उमटणारे हे वर्तुळ ओळखणे हे मरळीच्या गरीचे पहिले शिक्षण होय. आमिष जिवंत आणि हलते हवे, दोरा जाड हवा आणि मासा लागताच त्याला झाडोऱ्यात शिरू न देण्याची चपळाई हवी.

याच मरळीची दुसरी बाजूही आहे. वीण झाल्यावर नर-मादी पिलांची राखण करतात. नारिंगी-तांबड्या रंगाच्या शेकडो पिलांचा गोळा पाण्यावर खळबळत असतो आणि त्याच्या खाली पालक मासा फिरत असतो. समोर येईल त्यावर तो चवताळून धावतो. त्यामुळे त्या वेळी त्याला गरीवर घेणे अगदी सोपे असते. मात्र तो उचलला की राखण संपते आणि पिले इतर माशांच्या तोंडी पडतात. एका माशाच्या कालवणासाठी शेकडो मरळी गमावण्याचा हा व्यवहार आहे. पिलांचा गोळा दिसला की गरी गुंडाळावी, हाच शहाणपणा.

प्रवाहाचा मानकरी

सह्याद्रीच्या नद्यांतील सर्वांत मानाचा मासा म्हणजे खडस, अर्थात दख्खनी महसीर. मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या माशाला ‘खुद्री’ असे नाव दिले. शिंगाळ्यासाठी त्यांनी ‘सिंघाला’ हे नाव योजले. मराठी मुलखातील मच्छीमारांच्या तोंडची नावे अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय नामावलीत कायमची बसली आहेत.

खडस हा वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. तळ्यात तो जगतो, परंतु विणीसाठी त्याला गोट्यांचा तळ असलेला प्रवाह लागतो. म्हणून जेथे हा मासा आहे अशा जलाशयात त्याला शोधायचे ते धरणाच्या भिंतीपाशी नव्हे, तर वरच्या अंगाला ओढा तळ्यात उतरतो त्या मुखाशी. लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीच्या पैदास केंद्रात अनेक दशके या माशाचे बीज तयार होत आहे आणि ते देशातील अनेक पाण्यांत सोडले गेले. मात्र येथेही एक धडा आहे. कावेरी नदीत सोडलेला हा दख्खनी महसीर तेथे फोफावला आणि त्या नदीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर अतिसंकटग्रस्त झाला. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीत संकट ठरू शकते. चांगला मासा म्हणून कोणीही, कोठलाही मासा कोठेही सोडू नये.

लहानांची पंगत आणि बिनबोलावलेले पाहुणे

गरवण्याची पहिली इयत्ता मात्र लहान माशांचीच. बांबूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा आणि गांडूळ एवढ्या सामग्रीवर पोरे शेंगटी आणि लहान खवल्यांचे मासे पकडतात. शेंगटी गढूळ पाण्यात आणि संध्याकाळनंतर अधिक लागते. तिच्या पाठीवरील व कल्ल्यांमागील काटे ठणका लावतात, म्हणून तिला गरीवरून सोडवताना डोक्यामागून धरावे लागते. वाम दिवसा दगडांच्या कपारीत दडते आणि रात्री बाहेर पडते. वामीसारखाच दिसणारा अहीर मात्र निराळा. तो समुद्रात जन्मतो, नदीतून वर चढून गोड्या पाण्यात वाढतो आणि विणीसाठी पुन्हा समुद्र गाठतो. नदीवर उभा राहिलेला प्रत्येक उंच बांध त्याच्या या येण्याजाण्यावर घाला असतो.

बिनबोलावलेल्या पाहुण्यांत पहिले नाव चिलापीचे. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी तोंडात सांभाळते, वीण वारंवार होते आणि पाहता पाहता तळे बोटभर चिलापींनी भरते. खाण्यास तो वाईट नाही आणि गरीला सहज लागतो. तेव्हा चिलापी परत पाण्यात सोडण्याचे कारण नाही. ज्याला हौस भागवायची आहे त्याने ती याच माशावर भागवावी.

चढण म्हणजे काय

आता पुन्हा मिरगाकडे. पहिल्या पावसाने व्हाळ वाहू लागले की तळ्यात आणि कोंडांत उन्हाळा काढलेले गाभोळीचे मासे प्रवाहाच्या विरुद्ध निघतात. नव्या पाण्याचा वास, गारवा आणि ओढ हा त्यांना मिळालेला इशारा असतो. उथळ व्हाळांत, पाणी भरलेल्या शेतांत त्यांना सुरक्षित जागा आणि पिलांना भरपूर खाद्य मिळते. काही आठवड्यांनी पिले पाण्याबरोबर खाली उतरतात. यालाच चढण म्हणतात.

पूर्वी नदी अखंड होती तेव्हा मासे चढायला वाटा अनेक होत्या. एका व्हाळात पकडले गेले तरी दुसऱ्यातून वर जात. तळे झाल्यानंतर त्यात उतरणारे मोजके ओढे एवढ्याच वाटा उरतात. त्यांच्या तोंडावर पाग पडला, कामट्यांचे सापळे लागले, तर त्या वर्षीची वीण तेथेच संपते. त्यात गेळफळासारखे विष, ब्लीचिंग पावडर किंवा सुरुंग वापरला तर मोठ्यांबरोबर पिले, कुर्ल्या आणि कोळंबीही जातात. विष आणि सुरुंग यांनी मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून मनाई आहे. समुद्रात पावसाळ्याच्या सुरुवातीला यांत्रिक नौका बंद ठेवल्या जातात त्या माशांच्या विणीसाठीच. तोच न्याय व्हाळाला लावला तर चढणीचे पंधरा-वीस दिवस गावाने स्वतःहून पाळणे अवघड नाही.

हा विचार कोकणाला नवा नाही. महाडजवळ वाळणकोंड येथे काळ नदीतील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातील एक छोटा मासा ‘देवाचा मासा’ म्हणून राखला गेला. २०२० मध्ये तो शास्त्राला अज्ञात असलेली नवी जाती निघाला आणि २०२१ मध्ये ते ठिकाण जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाले. देवाच्या नावाने राखलेल्या एका कुंडाने जे साधले, ते एखाद्या व्हाळाच्या मुखाशीही साधता येईल.

गरी टाकण्यापूर्वी

जलाशयांतील मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. हौशी माणसानेही आधी विचारणा करणे योग्य. तिलारी परिसरातील सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर वनक्षेत्र २०२० मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले आहे, तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरू नये. या पाण्यात मगरी आहेत आणि काठच्या रानात हत्तींचा वावर आहे. त्यामुळे अंधारात एकट्याने बसणे किंवा पाण्यात उतरून गरवणे जिवावर बेतू शकते. धरणाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याखाली तर थांबूच नये.

गाभोळीचा मासा लागल्यास हात ओले करून त्याला धरावे, गरी हलकेच काढावी आणि प्रवाहाकडे तोंड करून सोडावे. तो पुन्हा व्हाळ चढेल. कटला-रोहूची बोटुकली सरकार पुढच्या वर्षीही आणून सोडील. नदीचा स्वतःचा मासा मात्र बहुधा पैदास केंद्राच्या टाकीतून येत नाही. मिरगातल्या त्या चार रात्री त्याला वाट मोकळी मिळाली, तरच दिवाळीनंतर काठावर बसलेल्या पोराच्या काठीचे बूच बुडेल.