ड्रायर फिरतो, तरी कपडे ओलेच!

वैशाखात जळगाव-भुसावळकडे गच्चीवर टाकलेली चादर बघता बघता कडकडीत वाळते. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, हवा कोरडी असते. कपडे वाळवणे हा प्रश्नच नसतो. तीच चादर श्रावणात दोन-दोन दिवस दोरीवर लोंबकळते आणि घडी घालताना तिला कुबट वास येतो. अशा दिवसांत धुळे-जळगावच्या अनेक घरांना आधार असतो तो सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरचा. तो हादरतो, गुरगुरतो, मध्येच बंद पडतो. यातले बरेच दोष किरकोळ असतात आणि घरच्या घरी निघतात. काही मात्र जिवावर बेततात. दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

ड्रायर वाळवत नाही, पिळतो

या मशीनचा ड्रायर कपडे तापवत नाही. त्याचा डबा मिनिटाला साधारण १,३०० फेरे घेतो आणि त्या वेगाने पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते. डब्याच्या कडेला असलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे दोनशेपट जोर येतो. सुती धाग्याच्या आत मुरलेले पाणी मात्र त्यानेही निघत नाही. ते हवेत उडूनच जावे लागते. म्हणून ड्रायरमधून काढलेला कपडा हाताला कोरडा वाटला तरी दमटच असतो. तो तसाच घडी करून कपाटात ठेवणे ही पावसाळ्यातली पहिली चूक.

डबा धडधडतो त्याचे कारणही याच जोरात आहे. एका बाजूला पाव किलो कापड जास्त झाले, तर फिरताना तिथे पन्नास किलोचा धक्का बसल्यासारखे होते. एकच जाड टॉवेल किंवा जीन्स टाकली की असे होते. कपडे गोल कडेने सारखे पसरावेत, वरून जाळीचे प्लास्टिक झाकण दाबून बसवावे आणि मशीनचे चारही पाय जमिनीला टेकले आहेत ना, ते पाहावे.

ड्रायर नुसता गुरगुरतो आणि फिरत नाही, तेव्हा आधी प्लग काढावा. मग आत हात घालून डबा हळू फिरवून पाहावा. अनेकदा रुमाल किंवा मोजा डब्याच्या वरून निसटून खाली अडकलेला असतो. डबा मोकळा फिरत असूनही मशीन चालू केल्यावर नुसतीच गुरगुर येत असेल, तर कपॅसिटर गेल्याची शक्यता असते. बंद मशीनच्या कपॅसिटरमध्येही वीज साठलेली असू शकते, त्यामुळे मागचे झाकण उघडून ते काम घरी करू नये. डब्यात पाणी साठत असेल तर सांडपाण्याचा पाइप पाहावा. तो मधेच उंच गेला किंवा मुरगळला असेल, तर पाणी उतरत नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार आणि साबणाचा चिकटा पाइपात साठतो, म्हणून अधूनमधून तो काढून धुवावा. खालच्या बाजूला उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावावी. कुरतडलेली वायर हे विजेच्या धक्क्याचे एक कारण आहे.

झाकणाचा स्विच ‘डायरेक्ट’ करू नका

ड्रायरचे झाकण उचलले की वीज तुटते आणि ब्रेक लागून डबा थांबतो. सर्वसाधारणपणे पंधरा सेकंदांच्या आत तो थांबायला हवा. झाकण उघडल्यावरही डबा बराच वेळ फिरत राहिला, तर ब्रेक झिजला आहे असे समजावे आणि दुरुस्त होईपर्यंत ड्रायर वापरू नये. झाकणाचा स्विच बिघडला की काही कारागीर तो वगळून वायर ‘डायरेक्ट’ जोडून देतात. शे-दोनशे रुपये वाचतात, पण फिरत्या डब्यातल्या ओढणीला किंवा साडीच्या पदराला हात लावला की कापड बोटांभोवती क्षणात आवळले जाते. हाड मोडते, कातडी सोलून निघते, प्रसंगी बोट तुटते. लहान मुलांना फिरता डबा खेळण्यासारखा वाटतो, हेही लक्षात ठेवावे.

असा अपघात झालाच तर आधी वीज बंद करावी, हात ओढून काढू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णासोबत न्यावी. तो भाग थेट बर्फावर कधीही ठेवू नये.

हाताला मुंग्या येणे हा इशारा

मशीनला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार अनेक घरांत चपला घालून मिटवली जाते. ती मिटत नाही. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध खूप कमी होतो. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सुटत नाही. त्याहून थोडा अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटून माणूस जागीच कोसळू शकतो. तुलनेसाठी, १०० वॅटच्या साध्या बल्बमधून सुमारे ४३० मिलिअँपिअर वाहतात.

बोर्डातला एमसीबी अशा वेळी पडेलच असे नाही. तो जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. माणसाच्या अंगातून गळणारा छोटा प्रवाह ओळखण्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो बसवून घ्यावा आणि त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

अर्थिंगची गोष्ट खान्देशात वेगळी आहे. इथली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि पावसाआधी वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. थ्री पिनची जाड पिन कापून टाकणे किंवा अर्थिंगची वायर न्यूट्रललाच जोडणे, हे दोन्ही ‘जुगाड’ घातक आहेत.

याहून मोठा धोका ड्रायरच्या बाहेर, कपड्यांच्या तारेत असतो. पत्र्याच्या शेडच्या अँगलला लोखंडी तार बांधलेली असते, त्याच अँगलवरून घरात येणारी सर्व्हिस वायर गेलेली असते. वाऱ्याने घासून तिचे आवरण फाटते, पाऊस पडतो आणि सगळा पत्रा, सगळी तार विजेने भारली जाते. ओला कपडा टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला सोडवायला धावलेला मुलगा किंवा नवराही चिकटतो. एकाच घरातल्या दोघा-तिघांचा जीव जातो तो असा. यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधावी आणि ती विजेच्या वायरपासून लांब असावी. बाहेरची वायर फाटलेली दिसली तर स्वतः टेप न लावता महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे.

कोणी चिकटले असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्यच नसेल आणि वीज घरगुती दाबाची असेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी. माणूस हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात नेऊन ईसीजी काढून घ्यावा.

कुबट वास आणि गजकर्ण

ओल्या कपड्यांचा वास साबण कमी पडल्याने येतो असे वाटते. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी तो मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूशी जोडून दाखवला. कपडा जितका जास्त वेळ दमट, तितके असे जिवाणू वाढतात. वास त्रासदायक असतो. पण खरी डोकेदुखी बुरशीची आहे. जांघेत, कमरेला, काखेत गोल, खाजरे चट्टे उठतात. ते गजकर्ण. दमट अंतर्वस्त्रे, घट्ट जीन्स आणि घरात एकच टॉवेल यांमुळे ते पसरते. गेल्या काही वर्षांत भारतात औषधांना सहज दाद न देणारी बुरशी वाढली आहे. तिच्या एका जातीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले.

अशा रुग्णाचे कपडे वेगळे, शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. ड्रायरमधून काढून उलटे करून, दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवून पंख्याखाली टाकावेत. ऊन पडेल तेव्हा ऊन द्यावे. शिवणी आणि इलॅस्टिकवरून कडक इस्त्री फिरवावी. वाळत घालायच्या खोलीची खिडकी उघडी हवी. एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत मिसळते आणि भिंतींवर बुरशी धरते. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीत कपडे वाळवूच नयेत.

दुकानातून मागून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत. खाज चार दिवस थांबते, बुरशी मात्र आत पसरते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे त्वचारोग विभागात दाखवावे, घरातल्या इतरांनाही चट्टे असतील तर सर्वांनी एकदमच उपचार घ्यावेत आणि औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण करावे.

गरम हवेचा ड्रायर असेल तर

शहरातल्या काही फ्लॅटमध्ये आता कपडे खरोखर वाळवणारी, गरम हवेची मशीनही आली आहेत. त्यांत जाळीवर धाग्यांची पिंजण साठते आणि ती लवकर पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळात घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्याचे नोंदवले. सफाई न करणे हे त्यांचे प्रमुख कारण होते. म्हणून प्रत्येक वापरानंतर जाळी साफ करावी आणि तेल किंवा पेट्रोल लागलेले कपडे त्यात टाकू नयेत.

मृग लागण्यापूर्वी शेतकरी तिफण-वखर काढून ठाकठीक करतो. घरानेही त्याच सुमारास अर्धा दिवस काढावा: पाइप, झाकण, ब्रेक, पिन, अर्थिंग पाहावे आणि शेडखालची लोखंडी तार उतरवावी. यंदा राहून गेले असेल, तर येत्या रविवारी करावे.