विश्लेषण : परीक्षा लंडनमध्ये, काळजी विरारमध्ये... आजारी असताना 'पेपर देऊन टाक' हा सल्ला महाग का पडतो?

ब्रिटनमधील विद्यापीठांच्या परीक्षांचा मुख्य हंगाम मे-जूनमध्ये असतो. वसई-विरारमधल्या ज्या घरांतले मूल तिकडे शिकते, त्या घरातून या दिवसांत फोनवर एक सल्ला हमखास जातो : 'ताप असला तरी पेपर देऊन ये, वर्ष वाया नको.' सल्ला काळजीपोटी असतो, पण तिथे तो उलटू शकतो. कारण तिथल्या अनेक विद्यापीठांत परीक्षेला बसणे म्हणजेच 'माझी तब्येत ठीक आहे' असे लिहून देण्यासारखे मानले जाते.

हा सल्ला येतो कुठून?

वसईच्या वर्तक किंवा विरारच्या विवा महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मुलाला मुंबई विद्यापीठाची पद्धत अंगवळणी पडलेली असते. पेपरला गेला नाही तर गैरहजर, विषय राहिला तर एटीकेटी. त्यामुळे काहीतरी लिहून यावे, काठावर का होईना सुटू, हा हिशेब इथे फारसा चुकीचा नसतो. परदेशी जाताना तो हिशेब सोबत जातो. वर शैक्षणिक कर्जाचे दडपण असते. परराष्ट्र मंत्रालयाने २०२४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशांत १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. व्हिसा, तिकीट, राहण्याची सोय याबद्दल सल्ला देणारे त्यांना पावलोपावली भेटतात. परीक्षेच्या सकाळी अंथरुणातून उठवत नसेल तर काय करायचे, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

'फिट टू सिट' म्हणजे काय?

विद्यार्थी परीक्षेला बसला, म्हणजे त्याने स्वतःला तंदुरुस्त ठरवले, असा हा नियम. नंतर 'त्या दिवशी मला बरे नव्हते' म्हणून केलेला अर्ज सहसा मान्य होत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातही हाच नियम आहे. अपवाद असतात. पेपर चालू असताना अचानक त्रास झाला, किंवा मानसिक आजारामुळे आपण परीक्षेच्या स्थितीत नाही हेच कळले नाही, तर विचार होतो. पण तेव्हा पुरावा भक्कम लागतो.

याची दुसरी बाजू विद्यार्थ्याच्या फायद्याची आहे. आजारपण, अपघात, घरातील मृत्यू, नैराश्य किंवा तीव्र चिंता यासाठी अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये त्याला कुठे 'मिटिगेटिंग', कुठे 'एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणतात. ऑस्ट्रेलियात 'स्पेशल कन्सिडरेशन'. परीक्षेचा नुसता ताण हे कारण चालत नाही, तो सगळ्यांनाच असतो असे विद्यापीठे धरून चालतात.

फरक किती पडतो, हे गुणपत्रिकेत दिसते. समजा, एमएस्सीचा विद्यार्थी तापात पेपर देऊन नापास झाला. फेरपरीक्षेत त्याने ७२ गुण मिळवले तरी ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांत त्या विषयापुढे ५० हीच कमाल नोंद होते, कारण पदव्युत्तर स्तरावर उत्तीर्णतेची रेषा साधारण तिथे असते. तोच विद्यार्थी अर्ज करून परीक्षेला बसला नाही आणि अर्ज मान्य झाला, तर पुढची परीक्षा त्याचा 'पहिला प्रयत्न' धरली जाते. तेव्हा ७२ म्हणजे ७२.

मुदत मात्र कडक असते. सिडनी विद्यापीठात परीक्षेनंतर तीन कामकाजाचे दिवस मिळतात. निकाल पाहून ठरवू, असे चालत नाही.

वसईच्या फॅमिली डॉक्टरचा दाखला चालतो का?

इथेच अनेकांचे अडते. व्हॉट्सअॅपवर लक्षणे ऐकून इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्याला तिथे सहसा किंमत नसते. ज्या दिवसांत त्रास होता, त्याच दिवसांत प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरचा कागद लागतो. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा घेतानाच आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड भरलेले असतात. त्या पैशांत सरकारी आरोग्यसेवा मिळते, पण त्यासाठी राहत्या भागातील जीपीकडे, म्हणजे स्थानिक डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात उरकावी. परीक्षेच्या आदल्या रात्री ती सुचून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. 'पेपर होईपर्यंत आजी गेल्याचे त्याला कळवू नका', असे आपल्याकडे सर्रास ठरते. जवळच्या नातेवाईकाचा मृत्यू हे तिथे अर्जाचे मान्य कारण असते. महापालिकेचा मृत्यू दाखला पुरावा म्हणून जोडता येतो. बातमी लपवली, तर मुलाच्या हातातला हा पर्यायही घरचेच काढून घेतात. आणि आईचा आवाज बदललेला मुलांना फोनवर कळतोच.

समुपदेशकाकडे गेले तर व्हिसा धोक्यात येतो?

नाही. विद्यापीठातील समुपदेशन गोपनीय असते. जिवाला धोका असेल तरच अपवाद. त्यासाठी गेल्याने व्हिसा रद्द होत नाही. व्हिसा अडचणीत येतो तो न सांगता गैरहजर राहिल्याने, विषय सोडून दिल्याने किंवा कामाच्या तासांची मर्यादा मोडल्याने. ब्रिटनमध्ये पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि परीक्षेचे आठवडेही सत्रातच धरले जातात. अमेरिकेत आजारपणामुळे विषय कमी करायचे असतील, तर आधी विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी लागते. डॉक्टरांच्या किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाच्या पत्रावर अशी सूट एका अभ्यासक्रम स्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंत मिळू शकते. 'आधी' हा शब्द इथे महत्त्वाचा.

पालकांनी थेट विद्यापीठाला फोन करावा का?

करता येतो, पण उत्तराची अपेक्षा बेताची ठेवावी. मूल १८ वर्षांपुढचे असल्याने त्याच्या परवानगीशिवाय विद्यापीठ त्याची माहिती पालकांना देत नाही. फी आपण भरतो, हा युक्तिवाद तिथे चालत नाही. मात्र माहिती देणे बंद असले, तरी घेणे बंद नसते. दोन दिवस फोन उचलला जात नसेल, तर विद्यार्थी साहाय्य विभागाला किंवा कॅम्पसच्या सुरक्षा कक्षाला कळवून खोलीवर जाऊन चौकशी करण्याची विनंती करता येते.

वेळेचे गणितही पाहावे. उन्हाळ्यात लंडन भारतापेक्षा साडेचार तास मागे असते. चर्चगेटहून निघालेले पालक रात्री साडेनऊला विरारला उतरतात, तेव्हा तिथे पाच वाजलेले असतात आणि कार्यालये बंद होत असतात. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड असतो. फोन करायचा तर जेवणाच्या सुट्टीत.

रात्री-अपरात्री मुलाला कोणाशी तरी बोलायचे असेल, तर ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३, अमेरिका आणि कॅनडात ९८८, तर ऑस्ट्रेलियात लाइफलाइनचा १३ ११ १४ हा क्रमांक आहे. इकडे झोप उडालेल्या पालकांसाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर चोवीस तास असते. तिथे मराठीतही बोलता येते.