मोठे टायर, मागे पडलेलं मीटर

मृगाचे दोन दमदार पाऊस झाले की हिवरखेड, तेल्हारा, अकोट या पट्ट्यातले पांदण रस्ते गाड्यांची परीक्षा घ्यायला लागतात. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते, कारण तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकट खनिज असतं. ती टायरच्या खाचांत बसते, आणि खाचा बुजल्या की नवाकोरा टायरही गोटा झाल्यासारखा घसरतो. उत्तरेला सातपुड्याकडे वळावं, तर नाल्यातले धोंडे गाडीच्या पोटाला लागतात. मग बोलेरो, थार, जुनी जिप्सी किंवा एके काळी काळीपिवळी म्हणून राबलेली कमांडर बाळगणारा माणूस टायरच्या दुकानात जाऊन ‘जरा मोठे टाका’ म्हणतो. दुकानदार टायर चढवतो, हवा भरतो, अलाइनमेंट करून देतो. मीटरचा विषय सहसा निघतच नाही.

निघायला हवा. गाडीच्या मीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे, किंवा चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे, फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते हा आकडा कारखान्यात एकदा ठरवून दिलेला असतो. फेरे गुणिले तो आकडा म्हणजे अंतर, आणि एका तासात तसं किती अंतर पडेल तो वेग. चिखलात रुतलेली गाडी जागची हलत नसताना काटा तीसवर नाचतो, त्याचं कारण हेच.

कास्तकाराला हा हिशेब नवा नाही. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात बियाण्याची पेटी जमिनीवर फिरणाऱ्या चाकावर चालते. पेरणीआधी ते चाक उचलून ठरावीक फेरे फिरवायचे, नळ्यांतून पडलेलं बी तोलायचं आणि चाकाचा परीघ, फेरे व पेरणीची रुंदी यांवरून एकरी बी किती पडेल ते काढायचं, ही रीत कृषी विद्यापीठं वर्षानुवर्षं शिकवत आली आहेत. या यंत्राला मोठं चाक बसवलं तर तेवढ्याच तासाला फेरे कमी होतील आणि बी विरळ पडेल. गाडीत बियाण्याच्या जागी किलोमीटर विरळ पडतात, एवढाच फरक.

किती विरळ, ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. २१५/७५ आर १५ घ्या, बोलेरोला चालणारं हे ओळखीचं माप. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत १६१ मिलिमीटर, अशा दोन भिंती आणि मध्ये ३८१ मिलिमीटरची रिम मिळून एकूण व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर होतो. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवला की व्यास ७३३ होतो, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. हौशी मंडळींचा आवडता ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा, तो जवळजवळ बारा टक्क्यांनी मोठा. जुन्या जीपला ६.००-१६ च्या जागी ७.००-१६ टाकण्याची चाल आहे, तिथे फरक सात टक्क्यांच्या आसपास पडतो. वजनाखाली टायर थोडा दबतो, त्यामुळे रस्त्यावरचा खरा परीघ कागदी परिघापेक्षा काहीसा कमी भरतो. पण जुना-नवा दोन्ही टायर जवळपास सारखेच दबतात, म्हणून टक्केवारीचा हिशेब फारसा हलत नाही.

आता काटा आणि किलोमीटरचे आकडे यांच्याकडे वेगवेगळं बघायला हवं. सगळा गोंधळ इथेच होतो.

जुन्या गाडीत ट्रान्सफर केस किंवा गिअरबॉक्सपासून एक केबल मीटरपर्यंत येते. किलोमीटर मोजणारी आकड्यांची चाकं त्या केबलला दातेरी गिअरने जोडलेली असतात, तिथे घसरायला वाव नाही. काट्याचं तसं नसतं. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतं आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते वाटीला चुंबकामागे ओढतात. एक नाजूक केसस्प्रिंग तिला मागे खेचते. ही ओढाताण जिथे थांबते तिथे काटा थांबतो. ऑटो शुल्झ या स्ट्रासबर्गच्या अभियंत्याने १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत जगभरच्या मोटारी याच युक्तीवर धावल्या. स्प्रिंग ढिली झाली, चुंबक जुनं झालं की काट्याचं सांगणं बदलतं. किलोमीटरच्या आकड्यांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

शिवाय काटा मुळातच थोडा पुढे बोलतो, आणि तो मुद्दाम तसा लावलेला असतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांविषयीचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये. जास्त चालेल, तेही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर इतपतच. म्हणजे खरा वेग ६० असताना काटा ७० पर्यंत गेला तरी नियमात बसतं, ५९ दाखवला तर नाही. टायरची झीज, हवेचा दाब, कारखान्यातला बारीकसारीक फरक या सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा कंपन्या काट्यात ठेवून देतात.

त्यामुळे एक मजेदार प्रकार घडतो. समजा गाडीचा खरा वेग ५७ असताना काटा मुळात ६० दाखवत होता. सव्वाचार टक्के मोठे टायर चढवल्यावर काटा ६० वर असताना खरा वेग साडेएकोणसाठच्या जवळ जातो. मालक मोबाइलवर जीपीएस लावून बघतो आणि खूश होतो, ‘आता कुठे मीटर बरोबर झालं!’ काटा खरंच बरोबर झालेला असतो. पण किलोमीटरच्या आकड्यांत कंपनीने अशी जागा ठेवलेली नसते, ते आता दर शंभरामागे चार किलोमीटर खातात. काटा सुधारला तर आकडे बिघडतात, आकडे सुधारले तर काटा पुन्हा पुढे पळतो. माझ्या मते थोडेच मोठे टायर असतील तर काट्याला हात लावू नये, फरक कागदावर लिहून ठेवावा. दहा-बारा टक्क्यांचा फरक असेल तर मात्र मीटर दुरुस्त केल्याशिवाय गाडी हायवेवर आणू नये.

ॲव्हरेजचं रडगाणंही इथेच येतं. मोठ्या टायरने गाडी डिझेल जास्त पिते, यात शंका नाही. वजन वाढतं, खाचा खोल असतात, हवेचा अडथळा वाढतो. पण पन्नास लिटरमध्ये मीटरवर ७०० किलोमीटर पडले म्हणून ‘चौदाचंच ॲव्हरेज’ म्हणणाऱ्याची गाडी प्रत्यक्षात ७३० चाललेली असते, म्हणजे साडेचौदा. ऑइल आणि फिल्टर बदलायची वेळही तेवढीच मागे पडते, आणि गाडी विकताना मीटर खऱ्यापेक्षा कमी रनिंग सांगतं. घेणाऱ्याने टायरचं माप आधी वाचावं.

वेगाचा मामला जास्त गंभीर आहे. ३१ इंची टायरवर कारखान्याच्या हिशेबाने ८० म्हणजे प्रत्यक्षात साडेएकोणनव्वद. वेग बारा टक्के वाढला की गाडीतली गतिज ऊर्जा पंचवीस टक्के वाढते, आणि ब्रेकला तेवढी जास्त उष्णता जिरवावी लागते. त्यात मोठ्या चाकाला थांबवायला मुळातच जास्त जोर लागतो. पोलिसांच्या स्पीडगनचा तुमच्या टायरशी काही संबंध नसतो, हे वेगळं सांगायला नको.

दुरुस्ती कशी करायची, ते गाडीच्या वयावर अवलंबून आहे. केबलवाल्या गाडीत केबलच्या मुळाशी एक छोटं पिनियन असतं, त्याचे दात बदलायचे. टायर मोठा तर चाकाचे फेरे कमी, म्हणून केबल जोरात फिरवायची तर पिनियनचे दात कमी करावे लागतात. समजा १७ दातांच्या जागी १६ दातांचं लावलं, तर केबलचा वेग सव्वासहा टक्के वाढेल. दात अर्धा-पाव मिळत नाहीत, तेव्हा थोडी चूक उरतेच. कुणी क्राऊन-पिनियन बदललं असेल तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून, कारण केबलला डिफरन्शियलच्या आधीचे फेरे कळतात, चाकाचे नाहीत.

नव्या गाड्यांत एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाजवळच्या दातेरी कड्याचे स्पंद मोजतात आणि त्यावरून संगणक वेग काढतो. काही मॉडेलमध्ये स्कॅनर लावून टायरचा परीघ बदलता येतो. जिथे ती सोय नाही तिथे सेन्सर आणि मीटर यांच्या मध्ये स्पंदांची संख्या बदलणारी छोटी पेटी बसवतात. हे काम वायरिंग तोडून करणाऱ्याकडे देऊ नका, एबीएसच रुसेल. चारही टायर एकाच मापाचे असणं तर सक्तीचं समजा. फोर व्हील लावल्यावर पुढच्या-मागच्या चाकांत फरक असला तर कोरड्या रस्त्यावर ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर विनाकारण ताण येतो.

ही दुरुस्ती आणि मीटर मागे फिरवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हेही बजावून सांगायला हवं. झालेले किलोमीटर पुसणं ही फसवणूक. पुढचे किलोमीटर नीट मोजावेत म्हणून गुणक बदलणं हे देखभालीचं काम. रेल्वेत ते उघडपणे होतं. इंजिनाची चाकं झिजतात, खराद मारल्यावर आणखी लहान होतात, म्हणून वेगमापकात चाकाचा नवा व्यास भरावा लागतो. हिवरखेड स्टेशनवरून अकोला–खंडवा मीटरगेजची गाडी धावायची त्या काळातही चालकाला काट्याखेरीज रुळाकडेच्या किलोमीटरच्या खांबांचा आधार असायचा. २०१७ च्या आरंभी ती गाडी बंद झाली, पण खांब आणि घड्याळ यांची ती पद्धत आजही तितकीच खरी आहे.

तुमच्या गाडीसाठीही तीच वापरा. सरळ, सपाट रस्ता निवडा. जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस बुकात गेलेला अमरावती–अकोला महामार्गाचा लोणी ते माना टप्पा याला उत्तम. एकच दगड चुकीचा रोवलेला असू शकतो, म्हणून निदान दहा किलोमीटर मोजा. दगडांवर दहा आणि मीटरवर ९.६ भरले, तर दहाला ९.६ ने भागा. १.०४ हा तुमच्या किलोमीटरचा गुणक. काट्यासाठी शेजारी बसलेल्याच्या हाती घड्याळ द्या आणि काटा साठवर स्थिर धरा. दोन दगडांमध्ये जितके सेकंद लागतील त्यांनी ३६०० ला भागलं की खरा वेग मिळतो. साठ सेकंद लागले तर साठ, छप्पन्न लागले तर चौसष्ट. जीपीएसही चालेल, पण उपग्रहांकडे आकाश मोकळं असू द्या. धूळघाटाच्या वळणात त्याच्यावर विसंबू नका.

आणि टायर घेण्याआधी गाडीसोबतच्या पुस्तकात कंपनीने कोणती मापं मान्य केली आहेत ते बघा. गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधनं आहेत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि अपघातानंतर विमा कंपनी टायरचं माप वाचणारच. मान्य मापातला सगळ्यात मोठा टायर बहुतेक पांदण रस्त्यांना पुरतो. तो चढवलात की आठवडाभरात दहा किलोमीटरची ही मोजणी करा, आणि निघालेला गुणक तारखेसह आरसीच्या पाकिटात लिहून ठेवा.