चांद दिसला तर, नाही दिसला तर

येत्या गुरुवारी, १९ मार्चला, गुढीपाडवा आहे आणि आमचा एकोणतिसावा रोजाही नेमका त्याच दिवशी आहे. सकाळी गिरगावात ढोल-ताशे वाजतील, शोभायात्रा निघेल. संध्याकाळी सूर्य बुडाला की आमची माणसं गच्च्यांवर चढतील आणि पश्चिमेकडे पाहत उभी राहतील. चांद दिसला तर शुक्रवारी ईद. नाही दिसला तर शुक्रवारी तिसावा रोजा आणि शनिवारी ईद.

वाचणाऱ्याला यात गंमत वाटते, लिहिणाऱ्याचा मात्र जीव टांगणीला लागतो. शुक्रवारचं पान गुरुवारी दुपारीच लावायला घेतात. म्हणून दर रमजानमध्ये मी शेवटचे लेख दोन लिहून देते, एक ईदचा आणि एक तिसाव्या रोजाचा. ईदचा लेख कधीच वाया जात नाही, फार तर एक दिवस थांबतो. जातो तो तिसाव्या रोजाचा. असे न छापलेले बरेच लेख माझ्याकडे साठले आहेत, आणि खरं सांगू का, त्यातले दोन-तीन छापलेल्यांपेक्षा बरे आहेत. बहुधा कुणी वाचणार नाही असं धरून लिहिलं की हात सैल सुटतो.

हे लेख मी घरी लिहीत नाही. आमचं घर नळबाजाराच्या बाजूला. रमजानमध्ये दुपारी तीननंतर तिथे भज्यांच्या पिठापासून लाउडस्पीकरपर्यंत सगळं एकदम सुरू होतं. मी जोहरची नमाज पढून चालत खोताच्या वाडीत येते आणि एका आंटीच्या घराच्या लाकडी व्हरांड्यात बसते. ही ओळख अब्बांमुळे झालेली. अब्बा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते आणि आंटीचे यजमान तिथेच मशीनवर. दोघंही आता नाहीत. व्हरांडा आहे.

खोताची वाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं. वाडी म्हणजे मुळात बाग. गिरगावातल्या कितीतरी वाड्या नावापुरत्या तरी अजून बागाच आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना घरं बांधायला दिल्या. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचे मूळचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. हे नाव त्यांनी घेतलं त्याला आता जवळजवळ १४० वर्षं होत आली. लाकडी खांब, कौलारू छपरं, बाहेरून वर जाणारे जिने, दारात कुंड्या, गल्लीच्या वळणावर क्रॉस. कधीकाळी अशी ६५ घरं होती असं सांगतात, आता निम्मीही उरलेली नाहीत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं, इतक्या इथल्या गल्ल्या अरुंद. त्यामुळे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यंदा एक मजा झाली. आंटीचा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता. कपाळावर राख लावून ती चर्चमधून आली आणि त्याच संध्याकाळी आम्हाला रमजानचा चांद दिसला. तिचा उपवासकाळ आणि माझे रोजे एकदमच सुरू झाले. शुक्रवारी तिच्याकडे मांस-मटण नाही, माझा जुम्मा. दुपारी आम्ही दोघी व्हरांड्यात समोरासमोर बसतो. मध्ये चहाचं टेबल असतं आणि त्यावर चहा नसतो. तिला चहा चालतो, पण माझ्यासमोर ती पीत नाही. मी कितीदा सांगितलं. ती म्हणते, ‘तू लिही गो, माझ्याकडं नको बघू.’

आंटीच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, आमच्याही आहे. जयंत साळगावकरांनी १९७३ मध्ये ते सुरू केल्यापासून मराठी घर आणि कालनिर्णय अशी जोडीच झाली. एकाच चौकटीत एकादशी, रोजा आणि ख्रिस्ती सण पाहायची सवय आपल्या डोळ्यांना त्यानंच लावली. मार्च-एप्रिलचं पान यंदा जरूर बघा. १९ मार्चला पाडवा. त्याच चंद्राची कोर दिसली की ईद. तोच चंद्र भरला की २ एप्रिलला चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती. आणि वसंतातल्या त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, ५ एप्रिल, म्हणजे ईस्टर. खोताच्या वाडीतल्या चार घरांत चार सण, आणि चंद्र एकच.

फरक आहे तो मोजण्यात. चंद्राचा महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिने झाले की ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष त्याहून अकरा दिवसांनी मोठं. हा फरक भरून काढायला पंचांग अधिक महिना घालतं (यंदा ज्येष्ठ अधिक आहे), त्यामुळे दिवाळी पावसाळ्यात येत नाही. चर्चनं ईस्टर वसंताला बांधून ठेवला. आम्ही काहीच केलं नाही. कुराणानं महिना मागेपुढे सरकवायची जुनी अरबी पद्धत बंद केली, त्यामुळे रमजान दर वर्षी अकरा दिवस मागे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून होतात. २०३० मध्ये तर तो एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा.

मला हे फिरणं फार आवडतं. एकाच महिन्याला मी आंब्याचा वास, चिखलाचा वास आणि थंडीत उकडलेल्या शेंगांचा वास लागलेला पाहिला आहे. लहानपणी रमजान पावसात यायचा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावी खाडीवर ढग असे उतरलेले असायचे की चंद्रच काय, पलीकडचा काठसुद्धा दिसायचा नाही. दादी तरीही अंगणात जाऊन वर बघायची. ढग असले तर तीस पुरे करा, असं पैगंबरांनी सांगून ठेवलं आहे. दादीला ते पाठ होतं. पण बघायचंच, असा तिचा कायदा. भिजून आत यायची आणि म्हणायची, ‘नाही दिसला. आता झोपा, सहरीला उठायचंय.’

माझा धाकटा भाऊ इंजिनिअर आहे. त्याचं म्हणणं, हे सगळं कशाला? अमावास्या गुरुवारी सकाळी ६ वाजून ५३ मिनिटांनी संपते. सूर्यास्ताला चंद्र बारा तासांचा असेल, आणि पंधरा तासांच्या आतला चंद्र नुसत्या डोळ्यांनी सहसा कुणाला दिसत नाही. म्हणजे ईद शनिवारी. विषय संपला. भेंडीबाजारातले आमचे दाऊदी बोहरा शेजारी गणितानंच चालतात. त्यांचा रमजान ठरलेला तीस दिवसांचा, त्यांना कुणी गच्चीवर चढवत नाही. भावाचं गणित बरोबर आहे आणि मला गणिताशी भांडायचंही नाही. पण गुरुवारी संध्याकाळी तोही गच्चीवर असेल, हे मला माहीत आहे. दर वर्षी असतो.

अब्बांचा चांद शिशाचा होता. खिळे जुळवताना काना, वेलांटी, मात्रा यांच्या शेजारी एका खणात बारीक चंद्रकोरी असायच्या. ‘डॉक्टर’, ‘ऑफिस’, ‘कॉलेज’ अशा शब्दांवर बसणाऱ्या. अब्बा म्हणायचे, ‘मराठीत इंग्रजी शब्द आला की चांद उगवतो.’ एकदा आंटीच्या यजमानांना त्यांनी ‘क्रॉस’ हा शब्द जुळवून दाखवला होता. बघ, तुझ्या क्रॉसवरसुद्धा आमचा चांद. दोघं कितीतरी वेळ हसत होते म्हणे. मी आता मोबाइलवर लिहिते, कोर आपोआप बसते. पण ‘ऑ’ टाइप करताना अंगठा अजून क्षणभर थबकतो.

उद्या सोमवारी रात्री सत्ताविसावी शब. हिंदू आणि ख्रिस्ती वाचकांसाठी सांगते. कुराण ज्या रात्री उतरलं ती शब-ए-कद्र, हजार महिन्यांपेक्षा मोलाची मानलेली रात्र. पण ती नक्की कोणती, हे ठाऊक नाही. शेवटच्या दहा दिवसांतल्या विषम रात्रींमध्ये शोधा, इतकंच सांगितलं आहे. म्हणजे २१, २३, २५, २७ किंवा २९. आपल्याकडे लोक सत्ताविसावी धरतात, मशिदी गच्च भरतात. बाकीच्या चार रात्री त्या मानानं रिकाम्या.

ही तारीख का ठाऊक नाही याची एक हदीस आहे, बुखारीच्या संग्रहातली. पैगंबर ती रात्र सांगायलाच घराबाहेर आले होते. बाहेर दोन माणसं भांडत होती. आणि ते ज्ञान उचललं गेलं. कदाचित यातच तुमचं भलं असेल, अशा अर्थाचंही ते पुढे बोलले. त्या दोघांचं भांडण कशावरून होतं, हे त्या हदीसीत येत नाही. ते मला दर रमजानमध्ये आठवतं. उधारीवरून असेल, भिंतीवरून असेल. गल्लीत रोज होतात तशा भांडणापायी एक तारीख हातची गेली, आणि तेव्हापासून दर वर्षी माणसं पाच-पाच रात्री जागताहेत.

माझी कामाची वेळ सहरी आणि फजरच्या मधली. भांडी घासून झालेली असतात, घरातले पुन्हा आडवे झालेले असतात. टेबलावर अर्धा तास मिळाला तर दीडशे शब्द होतात. फेब्रुवारी सरता सरता आमच्या खिडकीजवळ दयाळ गायला लागला. काळा-पांढरा, चिमणीहून जरा मोठा. अजानच्याही आधी, अंधारातच सुरू करतो. आता मार्चात कोकीळही आला आहे. त्याला गाणं म्हणवत नाही, तो नुसता वर वर चढत जातो. पैगंबरांना पहिला आदेश आला तो वाचण्याचा, आणि त्याच आयतींत कलमेचा, म्हणजे लेखणीचा उल्लेख आहे. मला याचं लहानपणापासून अप्रूप. पण त्याच परंपरेत महिना मात्र लिहून-मोजून न धरता डोळ्यांनी धरायचा. हे दोन्ही एकत्र कसं नांदतं, याचा उलगडा मला झालेला नाही. पहाटे दीडशे शब्द लिहिताना तो होईल असंही वाटत नाही.

व्हरांड्याचं मात्र आता खरं नाही. आंटीची मुलं परदेशात आहेत आणि घराची बोलणी सुरू आहेत. ती स्वतः त्याबद्दल बोलत नाही, कुंड्या कुणाला द्यायच्या एवढंच एकदा विचारलं. वाडीच्या आजूबाजूला टॉवर झालेच आहेत. पूर्वी तिच्या जिन्याच्या वरच्या पायरीवरून पश्चिमेचं आकाश दिसायचं. अब्बा कामावरून सुटले की तिथूनच चांद बघून घरी यायचे, आणि आमच्या गल्लीत बातमी त्यांच्याबरोबर पोहोचायची. आज त्या पायरीवरून काचेच्या खिडक्या दिसतात. गुरुवारी मी तरीही तिथे उभी राहणार आहे. आंटी म्हणाली, तीही येईल. तिचे गुडघे दुखतात, जिना उभा आहे, बघू.

तुम्हाला बघायचं असेल तर गिरगाव चौपाटीवर थांबू नका. तिथून नेमक्या पश्चिमेला मलबार हिल येते आणि कोर तिच्या इमारतींमागे जाते. मरीन ड्राइव्हनं नरिमन पॉइंटच्या टोकाकडे चला, तिथे क्षितिज मोकळं आहे. सूर्य पावणेसातच्या सुमारास बुडेल, त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. गुरुवारी नाहीच दिसला, तर शुक्रवारी त्याच जागी या. हात लांब करून क्षितिजापासून साधारण वीतभर वर बघा. कोर तिथे असेल आणि शुक्रही त्याच बाजूला. त्या संध्याकाळी शोधावं लागणार नाही.